अँटेनावरचं पान

कर उलटली की दुसऱ्या दिवशी सकाळी सारिका लोणारी गच्चीवर चढायची आणि अख्ख्या येवल्याचा उद्धार करायची. भोगी, संक्रांत आणि कर हे तीन दिवस गाव पतंगांचं. चौथा दिवस तिच्या तोंडाचा.

कारण सरळ होतं. गल्लीत तिची गच्ची सगळ्यात उंच, आणि गच्चीवर उभारलेला रेडिओचा अँटेना त्याहून उंच. गावात कुठेही पतंग कटला की वाऱ्याबरोबर डुलत डुलत तो नेमका तिथेच येऊन टेकायचा, जसा काही पत्ता देऊनच सोडलाय. ॲल्युमिनियमच्या आडव्या नळ्यांवर लाल-पिवळे कागद, मांज्याचे गुंते, लांबच लांब शेपट्या. एकदा तर कुणाचं तरी वाळत घातलेलं धोतर. आणि त्यातले निम्मे पतंग तिच्याच नवऱ्याच्या हातचे. अरुण लोणारी पतंग करायचा आणि मांजा गुंडाळायच्या आसाऱ्या विकायचा. बायको खाली दुकानात पंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायची आणि उरलेल्या वेळात हौशी रेडिओ चालवायची. कॉलेजचं तोंड न पाहता, रद्दीतल्या पुस्तकांवर शिकून तिने तो परवाना मिळवला होता. एकाच घरातून एकाने आभाळात कचरा सोडायचा आणि दुसरीने तो खाली काढायचा, असा तो संसार.

"अहो, या वर! बघा तुमची कलाकारी!" तिने जिन्यातून हाक मारली. "आणि येताना आकडी आणा."

अरुण लांब बांबूची आकडी घेऊन वर आला आणि अँटेनाकडे बघत राहिला. "हे माझं नाही," तो म्हणाला.

ते कुणाचंच नव्हतं. नळ्यांना लपेटून बसलेलं, चादरीएवढं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ, काळसर चंदेरी असं काहीतरी होतं. काल संध्याकाळी ते गिरक्या घेत उतरलं तेव्हा पतंग कटला समजून सगळ्या गच्च्या "वकाट!" म्हणून ओरडल्या होत्या. पोरं आकड्या घेऊन धावली होती. आता उन्हात ते हळूच फुलत होतं, मिटत होतं. श्वास घेतल्यासारखं.

तेवढ्यात सारिकाचा फोन वाजला आणि गोड आवाजात बोलू लागला. "आपल्या छतावर नभपर्णचं एक पर्ण विसावलं आहे. कृपया त्याला स्पर्श करू नये. हे पर्ण कंपनीची मालमत्ता आहे. आमचं पथक लवकरच पोहोचत आहे."

"विसावलं आहे!" सारिका म्हणाली. "पाहुणा आलाय का? चहा टाकू त्याला?"

"हात लावू नकोस म्हणतायत ना," अरुण म्हणाला. "राहू दे."

"आणि माझा सेट? सकाळी भांगरे सर हाक मारून थकले असतील."

भांगरे सर म्हणजे संगमनेरजवळच्या अकोले गावचे निवृत्त शिक्षक आणि तिच्यासारखेच रेडिओवेडे. रोज सकाळच्या चहाला दोघं सेटवर भेटत. आज मात्र ते जमेना. त्या पापुद्र्याने सगळ्या नळ्या एकमेकींना जोडून टाकल्या होत्या. सेटमधून निघालेला आवाज बाहेर पडायच्या ऐवजी परत सेटच्याच अंगावर येत होता. बटण दाबलं की काटा लाल पट्ट्यात जायचा. आणखी जोर केला असता तर सेट जळला असता.

बोलता येत नव्हतं, पण ऐकू येत होतं. आणि जे ऐकू येत होतं ते काहीतरी भलतंच होतं.

*

मोबाईलचे मनोरे गावागावांतून उतरवले गेले त्याला आता काही वर्षं झाली होती. त्यांची जागा या पानांनी घेतली. ढगांच्याही कितीतरी वर, जिथे वारा शांत असतो, तिथे ही पातळ पानं उन्हावर जगत तरंगत राहायची. तुमचा आवाज एका पानावरून दुसऱ्या पानावर, तिथून तिसऱ्यावर, असा उड्या मारत जायचा. खर्च नाही, खोदकाम नाही, डोंगर-दरी काही आड येत नाही. फक्त एक खोट होती. पान हलकं, त्याची ताकदही हलकी. वाटेत शब्द सांडायचे.

मग कंपनीने 'अखंड' आणलं. 'आता बोलणं तुटणार नाही,' अशी जाहिरात होती. ऐकणाऱ्याच्या सगळ्यात जवळचं जे पान असेल, ते तुमच्या माणसाची बोलण्याची ढब शिकून घेई. तो काय म्हणतो, कसा म्हणतो, कशानंतर काय म्हणतो. मग वाटेत शब्द हरवला की पान त्याच आवाजात, त्याच हेलात तो भरून देई. आधी एखादा शब्द. मग अर्धं वाक्य. लोकांना फरक कळला नाही, आणि ज्यांना कळला त्यांना तो आवडला. खरखर नाही, 'हॅलो, हॅलो' नाही. सारिकालाही आवडला होता. तिची आई राजूरच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत एकटी राहायची. तिथून पूर्वी कधी धड दोन वाक्यं यायची नाहीत. अखंड आल्यापासून आई कशी अगदी समोर बसल्यासारखी बोलायची.

गच्चीवरचं पान कडेने फाटलेलं होतं. ऐकणारा भाग शाबूत होता. भरणारा भाग, आणि आवाजाला कुलूप लावणारा भागही, कुठेतरी आभाळातच राहिला होता. पानाला त्याची कल्पना नव्हती. त्याला ऊन मिळत होतं, म्हणून ते इमानाने काम करत होतं. घरातल्या फोनसाठी आलेला आवाज ते पकडायचं, भरता येत नाही म्हणून वरच्या शेजारच्या पानाकडे ढकलायचं. तिथून तो भरून, इस्त्री करून परत फोनमध्ये उतरायचा. आणि मधल्या मधे तो कच्चा आवाज नळ्यांवरून थेट सारिकाच्या सेटमध्ये झिरपत होता.

हे सगळं तिला एकदम कळलं नाही. आधी कळलं ते अरुणमुळे. तो खाली नाशिकच्या व्यापाऱ्याशी फोनवर बोलत होता आणि वर सेटमधून व्यापाऱ्याचा आवाज येत होता. "अरुणशेठ... माल... ... ... नंतर... ..." मग नुसती खरखर. मग एक खोकला.

अरुण हसत वर आला. "ऐकलंस? माल झकास गेला म्हणाला. पुढच्या वर्षी याच्या दुप्पट घेतो म्हणाला."

"नाही म्हणाला."

"अगं, आत्ता माझ्या कानाने ऐकलं!"

"त्याने 'माल' म्हटलं आणि 'नंतर' म्हटलं. आणि खोकला. बाकी सगळं तुम्हाला आवडेल असं दुसऱ्याच कुणीतरी म्हटलंय."

अरुणचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. आणि सारिका मात्र हातातली पक्कड खाली ठेवून फोनकडे बघायला लागली.

*

संक्रांतीचा फोन आईला करायचा राहिलाच होता. सणात जमलं नव्हतं. सणात तिला कधीच जमायचं नाही.

तिने सेटचा आवाज वाढवला, फोन कानाला लावला.

"आई, तिळगूळ घे आणि गोड बोल."

"गोड बोल गं बाई," फोनमधली आई म्हणाली. स्वच्छ, ठणठणीत. "मी बरी आहे. इकडे थंडी फार आहे, बाकी काही नाही. तू कशी आहेस? जावई बरे आहेत ना?"

आणि तेच बोलणं सेटमधून आलं. "गोड... ..." मग श्वास. ओढून घेतलेला, शिटीसारखा. "...थंडी..." पुन्हा श्वास. मग इतका वेळ काहीच नाही, की सारिकाने सेटचा आवाज आणखी वाढवला.

पानाला नेटवर्क तुटल्याचं गप्प राहणं आणि माणसाचा दम तुटल्याचं गप्प राहणं यातला फरक कळत नव्हता. त्याला दोन्ही सारखीच भोकं. आणि भोकं भरायला त्याने आईकडून काय शिकून ठेवलं होतं? आयुष्यभर जी बाई ताप असला तरी बरी आहे म्हणाली, पाय मोडला तेव्हा बरी आहे म्हणाली, नवरा गेला त्या आठवड्यातही फोनवर बरी आहे म्हणाली, तिच्याकडून दुसरं शिकणार तरी काय?

"आई," सारिका सावकाश म्हणाली. "तुला दम लागतोय का?"

फोन म्हणाला, "नाही गं. उगीच काळजी करतेस. मी अगदी बरी आहे."

सेट म्हणाला, "...हो."

सारिकाने फोन कानापासून दूर धरला. हातात साप धरल्यासारखा.

"कधीपासून?" ती सेटकडे बघून ओरडली. "आई, कधीपासून?"

"अगं, कधीपासून म्हणजे काय," फोन हसला. आईचंच हसू. "तू रविवारी नाही आलीस तरी चालेल. कामं असतात तुला."

"...रविवारी..." सेट म्हणाला. "...दर... म्हणतेस... येते... ...वाट..."

"मी कधी म्हणाले रविवारी येते?"

आणि मग तिला समजलं. तिच्याही बाजूने शब्द सांडत होते. आईच्या डोक्यावरच्या पानानेही लेकीची ढब शिकून ठेवली होती. फोन ठेवता ठेवता, एका हातात मोटारीची तार धरून, ती कित्येक वर्षं आईला काय म्हणत आली होती? 'येते गं रविवारी.' न येता म्हणायची सवय. आता तिला तेवढंही म्हणायची गरज राहिली नव्हती. ती गप्प राहिली तरी तिच्या वतीने तिच्याच आवाजात कुणीतरी आईला दर आठवड्याला कबूल करत होतं. आणि आई दर रविवारी दाराकडे बघत होती.

फोन तुटला. 'आपलं बोलणं अखंड राहो,' असं म्हणून गोड आवाज निघून गेला.

सारिकाने फोन भिंतीवर फेकला नाही. फेकावासा वाटला, पण तिने आयुष्यभर फुटक्या वस्तू दुरुस्त केल्या होत्या, हात तसा वळेना. तिने दात आवळून असा एक शब्द उच्चारला की शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या काकू दचकून आत गेल्या.

*

"गाडी काढा," तिने अरुणला सांगितलं. "पण आपण पोहोचेपर्यंत अर्धा दिवस जाईल. तिथे जवळ कोण आहे?"

"शेजारच्या त्या चंद्रभागाबाई?"

"त्या लेकीकडे गेल्यात सणाला."

"भांगरे सर! अकोल्याहून जवळ आहे त्यांना. लाव फोन."

तिने लावला. "हो हो, सारिकाताई," फोनमधले सर तत्परतेने म्हणाले. "काळजीच करू नका, लगेच निघतो."

सेटमधून मात्र आलं, "हॅ... कोण?... ...काय ते... ऐकू..." आणि खरखर.

सरांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. पान तरी काय करणार बिचारं?

"ॲम्ब्युलन्सला लावतो," अरुण म्हणाला.

"लावा. तिकडून 'गाडी निघाली' असं ऐकू येईल. ते कोण म्हणालं हे मला कसं कळणार?" तिचा आवाज चिरकला. "अहो, एवढं मोठं आभाळ आहे, आणि माझ्या आईपर्यंत एक खरा शब्द जात नाही!"

अरुणने तरीही फोन लावला आणि गाडीची किल्ली शोधायला खाली धावला. त्याच्याच मागे जिन्यातून कंपनीचं पथक वर आलं. निळ्या जॅकेटमधली एक तरुणी आणि पेटी घेतलेली दोन माणसं.

"नमस्कार मॅडम. मी इशानी वानखडे, नभपर्णकडून. थोडा वेळ लागेल, क्रेन मागवलीये मनमाडहून. संध्याकाळपर्यंत आम्ही पर्ण अलगद उतरवून घेऊ."

सारिकाने भिंतीला टेकवलेली आकडी उचलली. "संध्याकाळपर्यंत नाही. आत्ता. मला माझा सेट मोकळा पाहिजे."

"मॅडम, प्लीज! ते खूप नाजूक आहे. ओढलं तर फाटेल."

"फाटू दे."

"कायद्याने ती कंपनीची—"

"येवल्यात कटलेला पतंग ज्याच्या गच्चीवर पडेल त्याचा," खालून धावत परत आलेला अरुण म्हणाला. त्याने अँटेनाचा खांब पकडला. "मी धरतो. तू ओढ."

इशानी मधे आली. तिने आवाज खाली आणला, मागच्या दोघांना ऐकू जाऊ नये इतका. "काकू, ऐका. तुम्हाला काय कळलंय ते मला कळलंय. तुमचा सेट चालू आहे, मी जिन्यातच ऐकलं. या पानात दोन्ही साठवलेलं असतं. माणूस खरं काय बोलला आणि आम्ही काय भरलं. गेल्या कितीतरी महिन्यांचं. तुम्हाला तक्रार करायची असेल, भांडायचं असेल, तर दाखवायला हेच एक आहे. मधूनच फाटलं तर सगळं पुसलं जाईल. मग तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार?"

सारिका थांबली. खरंच थांबली. त्या काळ्या पापुद्र्यात आईचे सगळे श्वास होते. तिने न ऐकलेले. थंडीत, पहाटे, भाकरी थापता थापता घेतलेले. पानाने आईच्या आवाजात तिला दिलेली आणि आईने कधीच न दिलेली उत्तरं. ते सगळं कोर्टात, वर्तमानपत्रात, त्या गोड आवाजाच्या मालकाच्या तोंडावर फेकायचं होतं तिला.

वाऱ्याने पान फुललं, मिटलं. सेटमधून नुसती खरखर येत होती.

"विश्वास नका ठेवू," ती म्हणाली. "मला माझी आई पाहिजे. पुरावा नको."

आणि तिने आकडी वर नेऊन पापुद्र्यात अडकवली आणि सगळ्या अंगाचा भार देऊन खाली ओढली.

पान फाटल्याचा आवाज आला तो कागदासारखा नाही, रेशमासारखा. एकदा, दोनदा. तिसऱ्या ओढीला अख्खं सोंग नळ्यांवरून सुटलं, वाऱ्यावर गच्चीबाहेर गेलं आणि गल्लीवर तरंगत राहिलं. आजूबाजूच्या गच्च्यांवर आवराआवर करणारे लोक वर बघत होते. काय झालं हे कुणालाच माहीत नव्हतं, पण आभाळात काहीतरी कटलं होतं, आणि सवयीने सगळ्या गच्च्या एका सुरात ओरडल्या, "वकाऽऽट!"

सारिका रडत होती की हसत होती, अरुणला सांगता आलं नसतं. ती सेटकडे धावली.

*

बटण दाबलं. काटा हिरव्यात राहिला.

"भांगरे सर, भांगरे सर, सारिका बोलतेय, येवला. आहात का? ओव्हर."

खरखर. तिने ती ऐकली. ती कुणी भरली नव्हती.

"...सारिकाताई! अहो, सकाळपासून हाका मारतोय. मघाशी फोन तुमचा होता का? नुसतं खर्र खर्र. काय झालं? ओव्हर."

तिने सांगितलं. पटपट, आईच्या घराच्या वाटेवरच्या चिंचेच्या झाडासकट. सरांनी 'काळजी करू नका' म्हटलं नाही. "जीप बाहेरच आहे. गाडीतला सेट चालू ठेवतो. राजूरच्या वर चढलो की हाक मारीन. मधे डोंगर आहे, तोवर काही ऐकू येणार नाही. घाबरू नका. ओव्हर."

मग खरंच काही ऐकू आलं नाही.

असं गप्प राहणं सारिकाने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. फोनवर तर ते नाहीसंच झालं होतं. ती सेटपुढे मांडी घालून बसली आणि त्या पोकळीत तिच्या मनाला जे जे वाटेल ते येऊ दिलं. अरुण खाली गाडीत पाणी, पांघरूण, थर्मास भरत होता. इशानी पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर टेकली होती. तिची माणसं गल्लीत पानाचे तुकडे वेचायला गेली होती, आणि एका पोराने तुकडा द्यायला साफ नकार दिल्यामुळे खाली वादावादी चालली होती.

"मला नोकरीवरून काढतील," इशानी म्हणाली.

"काढू देत. तुमची ती गोड बोलणारी बाई नेमतील तुमच्या जागी."

"अखंड वाईट हेतूने केलेलं नाही हो काकू. लोकांना तुटकं बोलणं नको होतं. लोकांनीच मागितलं."

"लोकांनी ऐकू यावं म्हणून मागितलं गं. दुसऱ्याने बोलावं म्हणून नाही." सारिकाने तिच्याकडे पाहिलं. पोर तिच्या नसलेल्या लेकीच्या वयाची असेल. चिडायला सोपी नव्हती. "तुझी आई कुठे असते?"

"नागपूरला. रोज बोलते मी आईशी."

"कोणाशी?" सारिकाने विचारलं.

इशानीचा हात जॅकेटच्या खिशातल्या फोनवर गेला आणि तिथेच राहिला. तिने फोन बाहेर काढला नाही. खालचं भांडण संपलं. मग उठली, माणसांना गाडीत बसायला सांगितलं आणि जिन्याच्या तोंडाशी थांबून म्हणाली, "क्रेन नको म्हणून कळवते."

सेट जिवंत झाला तेव्हा चहा दोनदा गार झाला होता.

"...रिकाताई... पोहोचलो. दार लोटलेलंच होतं. आई चुलीपाशी. मला बघून काय म्हणाल्या माहितीये? 'मी बरी आहे गुरुजी, तुम्ही चहा घेणार का?' आणि उठल्या, आणि उंबऱ्यावरच खाली बसल्या... ओठ निळे पडलेत... पायांवर सूज... जीपमध्ये घेतलंय. संगमनेरला... सरळ... तुम्ही तिकडेच..."

मग आवाज डोंगराआड गेला. सारिकाने त्याचं पुढचं वाक्य मनात तयार होऊ दिलं नाही. जेवढं आलं तेवढं हातात घट्ट धरून ती जिना उतरली.

*

संगमनेरच्या दवाखान्यात आई खिडकीजवळच्या खाटेवर होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, उशाशी बसलेले भांगरे सर, केस विसकटलेले, हातात आईची पिशवी. हृदय थकलंय, फुप्फुसात पाणी भरलंय, डॉक्टर म्हणाले. अजून एक दिवस घरीच राहिल्या असत्या तर, असं म्हणून त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. ॲम्ब्युलन्स कधी घरी गेलीच नव्हती. तिकडच्या माणसाला पत्त्यातलं गावाचं नाव वेगळंच ऐकू आलं होतं.

सारिका दारात उभी राहिली. रस्ताभर तिने रागाची वाक्यं जुळवून ठेवली होती. कंपनीसाठी, पानासाठी, आईसाठी, आणि शेवटची सगळ्यात लांब स्वतःसाठी. ती सगळी घेऊन सारिका खाटेपाशी गेली.

आईने डोळे उघडले. लेक दिसली. मास्कच्या आत ओठ हलले, आणि कुणीही भरलेलं नाही असं ते जुनं, सवयीचं, तिचं स्वतःचं वाक्य बाहेर आलं.

"बरी... आहे गं मी."

"खबरदार!" सारिका इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले आणि नर्स धावत आली. "खबरदार पुन्हा 'बरी आहे' म्हणालीस तर! आयुष्यभर बरी आहेस तू! त्या मेल्या पानालासुद्धा तेवढंच शिकवलंस! मी एकुलती एक आहे ना गं तुझी? मग मला कुणी सांगायचं? सांग ना, कुणी?"

"ताई, हळू," नर्स म्हणाली.

"आणि मी!" सारिका खाटेच्या कडेला टेकली, आवाज खाली आला. "मी कधी येते म्हणाले रविवारी, आई? खरंच म्हणाले का? कधी म्हणाले आणि आले नाही? मला काही कळत नाहीये आता, मी काय म्हणाले आणि काय नाही."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग नजर छताकडे गेली. मास्कमध्ये वाफ आली, गेली. आली, गेली. काहीतरी सांगायला तिने श्वास जमवायला घेतला, आणि तो पुरेना, म्हणून पुन्हा घेतला.

भांगरे सर काहीतरी समजुतीचं बोलणार होते. सारिकाने त्यांच्याकडे न बघता हात वर केला.

तिला माहीत होतं आई काय म्हणेल. तिला निदान पाच उत्तरं माहीत होती, सगळी आईच्या हेलातली, सगळी खरी वाटतील अशी. तिने ती एकेक करून बाजूला सारली आणि थांबली. खिडकीबाहेर कुणाचा तरी उरलेला पतंग तारेवर फडफडत होता. आई गप्प होती. कितीतरी वेळ गप्प होती. सारिकाने तो सगळा वेळ तिचा तिला दिला.

"छातीत... दुखतं," शेवटी आई म्हणाली. मग आणखी एक श्वास, शिटीचा. "फार. ...जाऊ नको."

"नाही," सारिका म्हणाली, आणि मग तीही गप्प झाली, आईचा हात धरून.